मास्तरांचा ब्रेक

मास्तरांच्या धाकटीने कॉलेजात स्पीच थेरपीचा कोर्स घेतला, तेव्हा अख्ख्या इमारतीला हसू आवरेना. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर जिन्यातच म्हणाल्या, "अगं, बोलण्याचं शिक्षण कसलं घेतेस? आमच्या सासूबाईंकडे ये, फुकटात तोंड सुटेल!" धाकटीही हसली. तोतरी मुलं, ऐकू न येणारी मुलं, आवाज बसलेल्या शिक्षिका, असं काय काय ती रंगून सांगायची आणि ऐकणारे जांभया द्यायचे.

ती तिसऱ्या वर्षाला असताना मास्तरांना अर्धांगाचा झटका आला आणि सगळ्यांच्या जांभया थांबल्या.

मास्तरांचा उभा जन्म गाडी शिकवण्यात गेलेला. निम्म्या गावाला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं, उरलेल्या निम्म्याला त्या गाडीपुढून पळायला. झटक्याने त्यांचा उजवा हात नेला, भाषा नेली आणि मागे एकच शब्द ठेवला. "ब्रेक." तहान लागली, ब्रेक. पंखा नको, ब्रेक. थोरलीचा नवरा दारात दिसला की, "ब्रेक, ब्रेक, ब्रेक!" आईने त्या एका शब्दावर संसार हाकला. "तुटक असला की चहाचा," ती शेजारणींना समजावायची, "आणि लांबवला की पाठ खाजवायचा." मास्तर अर्ध्या तोंडाने हसायचे.

धाकटीला ते बघवेना. तिला त्यांच्या तोंडून 'पाणी' ऐकायचं होतं. वर्गात बाईंनी शिकवलं होतं की काहींच्या जिभेवर एकच शब्द ठाण मांडून बसतो आणि दुसऱ्याला बाहेर येऊ देत नाही. तो आधी थोपवावा लागतो. सरावापुरता, थोडा वेळ, असंही बाई म्हणाल्या होत्या. पण घरच्या माणसाला कसला थोडा वेळ! धाकटीने फर्मानच काढलं.

"बाबा ब्रेक म्हणाले तर कुणी जागचं हलायचं नाही."

"अगं, तहान लागलीय त्यांना. दिसतंय की!"

"तू न बोलता ओळखतेस ना आई, म्हणूनच ते बोलत नाहीत."

हे आईच्या जिव्हारी लागलं. ती आत जाऊन भांडी आपटत बसली.

धाकटी पेला घेऊन समोर बसायची. "बाबा, पा... पा..."

"ब्रेक."

ती तळहात आडवा धरायची. थांबा. "पा..."

"ब्रे..."

पुन्हा हात. भल्याभल्यांना स्टिअरिंगवर घाम फोडणारा माणूस, आता पोरीचा हात उठला की नवख्यासारखा दचकायचा. एकदा त्यांचे ओठ मिटले, गाल फुगले. आता 'प' येणार म्हणून आई दारात श्वास रोखून उभी राहिली. आला तो नुसता सुस्कारा.

हळूहळू ब्रेक कमी झाले. चहाचा गेला, पाठीचा गेला. जावई आला तरी मास्तर नुसते बघत राहिले. धाकटीने हरखून बाईंना सांगितलं, "तो शब्द जवळजवळ गेला!"

"छान. त्याच्या जागी काय आलं?" बाईंनी विचारलं.

जागी काहीच आलं नव्हतं.

घरी येऊन धाकटी चपलांसकट मास्तरांपुढे बसली. "बाबा, ब्रेक म्हणा. म्हणा ना हो. ब्रे..."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि शहाण्या विद्यार्थ्यासारखा डावा हात स्वतःच्या तोंडावर ठेवला.

तिने परोपरीने विनवलं, रागावली, रडली. बाईही घरी येऊन गेल्या, कितीतरी वेळ मास्तरांशी खेळीमेळीने बोलत बसल्या. जाताना धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. धाकटी पास झाली, दवाखान्यात लागली. तिच्याकडे येणारी मुलं आता घरी जाऊन आईबापाला उलट उत्तरं देतात म्हणे.

मास्तरांच्या घरात आता आईच दोघांचं बोलते. "पाणी हवंय? हवंय. घ्या. पंखा लावू? नको? बरं." काकू डोकावतात, विचारतात, "काय म्हणतात मास्तर?"

"म्हणतात, आज जरा बरं वाटतंय."

धाकटी शेजारीच चादरीच्या घड्या घालत असते. ती आईला दुरुस्त करत नाही.