पिशवीतल्या गाठी आणि मोडलेली जोड

"पिशवीत गाठी आहेत. दोन मुलं आहेत ना तुम्हाला? मग काढून टाका पिशवी, कटकट मिटेल."

चिखलीला सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी पोटावरचा चिकट जेल पुसायला कागद देता देता हे सांगितलं. मी अजून टेबलावर आडवीच होते. दात काढायचा असता तरी कुठला दुखतो ते आधी विचारलं असतं, असं माझ्या मनात आलं. पण तोंडातून "बरं" एवढंच निघालं. बाहेर बाकावर बसलेल्या पुढच्या बाईला आत बोलावलंही गेलं होतं.

मी वंदना. वय एक्केचाळीस. अमडापूरजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. नवरा मिलिंद शेती पाहतो आणि पंपाच्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान चालवतो. घरात सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई शोभाताई. हे लिहिते आहे ते अशाच टेबलावर आडवं असताना "बरं" म्हणून मोकळ्या होणाऱ्या बायकांसाठी.

त्रास तसा जुनाच होता. पाळी आठ-आठ दिवस थांबायची नाही, रक्ताच्या गाठी पडायच्या, एका तासाला घेतलेलं पॅड पुढच्या तासाला पुरायचं नाही. मी शाळेत गडद रंगाच्याच साड्या नेसायला लागले. सोबतच्या शिक्षिका म्हणायच्या, मॅडमला आता रंगांची समज आली. एसटीची पायरी चढताना धाप लागायची, तर मी ती वयावर ढकलायची. आणखी एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. पोषण आहाराच्या कोठीत गेले की मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकल्याशिवाय मला बाहेर पडवत नसे.

रिपोर्टवर शब्द होता फायब्रॉइड. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतच वाढलेली गाठ. ती बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, पुष्कळ बायकांना असते आणि अनेकींना तर असल्याचं कळतही नाही. हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी फक्त "गाठ" ऐकू आलं आणि मी घाबरले.

घरी मात्र कुणी घाबरलं नाही. आमच्याकडे पिशवी काढणं ही उन्हाळी कामांतली एक गोष्ट आहे. सोयाबीन, तूर, हरभरा घरात येऊन पडला, शेतं मोकळी झाली की बायका पिशवी काढून घेतात. त्यातही एकटीनं नाही, जोडीनं. दोघींनी एकाच दिवशी एकाच दवाखान्यात ऑपरेशन करायचं, म्हणजे उशाशी बसायला एकच बाई पुरते आणि घरून एकच डबा जातो. याला म्हणतात जोड लागणं. लग्नाचं स्थळ जुळावं तितक्या आनंदानं जोड जुळवली जाते.

माझी जोड सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत जुळवली. माझी चुलत नणंद सुनीता दुसरबीडला दिलेली आहे. तिलाही गाठ निघाली होती. सासूबाईंनी तिच्या सासूला फोन केला आणि मे महिना ठरूनही गेला.

"भ्याचं काऊन?" त्या मला म्हणाल्या. "माही काढली, शोभाची काढली. काय झालं आमाले? तुही सुटी बी असते मे महिन्यात."

मिलिंद जेवता जेवता म्हणाला, "तुले पटन ते कर." हा माणूस वाईट नाही. पण असं म्हटलं की आपलं काम संपलं, असं त्याला वाटतं.

मला पिशवी काढायची नव्हती. का नाही, ते मात्र सांगता येत नव्हतं. तिसरं मूल नको होतं. त्रास तर नकोच होता. पण माझ्या अंगातली एक गोष्ट दुसऱ्यांच्या सोयीचा महिना पाहून जाणार, आणि त्यात मला कुणी काही विचारलेलंच नाही, याचा मला राग आला होता. रागाचं कारण सांगून ऑपरेशन टाळता येत नाही, हेही कळत होतं. म्हणून मी शनिवारी सकाळची शाळा करून एकटीच बुलढाण्याला गेले. शाळेतल्या एका बाईंनी तिथल्या डॉक्टर मॅडमचं नाव सांगितलं होतं.

मॅडमच्या दवाखान्यात बाकं भरलेली होती. नंबर यायला दुपार उलटली. मॅडमनी रिपोर्ट पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "त्रास कशाचा होतोय? अंगावर जातंय त्याचा, की गाठ आहे हे कळल्याचा?"

मी म्हटलं, "जातंय त्याचा. गाठीची आता भीती वाटते."

"मग आधी रक्ताचं पाहू, भीतीचं नंतर." पापण्या खाली ओढून पाहताना त्यांनी सहज विचारलं, "माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काही खाता का?" शिक्षिका असून असलं खाते, म्हणून मी मान खाली घातली. त्या हसल्या नाहीत. रक्त कमी झालं की काही जणींना असं होतं, एवढंच म्हणाल्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा लाल घटक, निम्म्यावर आलं होतं. तुम्ही ऑपरेशन करा म्हणालात तरी इतक्या कमी रक्तावर मी करणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पुढचे काही आठवडे शिरेतून लोहाची औषधं चढवली. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. आणि बायोप्सी केली. बायोप्सी म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणं. चाळिशीनंतर इतका रक्तस्राव असेल तर गाठीवर सगळं खापर फोडून मोकळं होऊ नये, आत दुसरं काही नाही ना हे पाहावं, असं मॅडमचं म्हणणं होतं. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला आठवत नाही. वर्गात मी मुलांना एकच धडा दोनदा शिकवला, एवढं मुलांनी सांगितलं म्हणून कळलं. रिपोर्ट चांगला आला.

मग मॅडमनी कागदावर पेरूच्या आकाराची पिशवी काढली आणि त्यात माझ्या गाठी. गाठी भिंतीत होत्या, आतल्या पोकळीत घुसलेल्या नव्हत्या. यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं, म्हणाल्या. काहीच न करता दर सहा महिन्यांनी नुसतं पाहत राहणं, हाही उपाय असतो, कारण पाळी कायमची गेल्यावर गाठी बहुधा आकसतात. पण माझं रक्त इतकं जात होतं की नुसतं पाहत बसून भागणार नव्हतं. दुसरं म्हणजे हार्मोन सोडणारी कॉइल. ती तांबीसारखीच पिशवीत बसवतात. गाठ तिनं जात नाही, पण अस्तर पातळ होतं आणि जाणं कमी होतं. तिसरं, मायोमेक्टॉमी, म्हणजे पिशवी ठेवून फक्त गाठी काढणं. हेही ऑपरेशनच, आणि गाठी पुन्हा येऊ शकतात. चौथं, एम्बोलायझेशन. मांडीच्या किंवा हाताच्या धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचा. त्यासाठी संभाजीनगर गाठावं लागणार होतं. आणि शेवटी हिस्टरेक्टॉमी, म्हणजे पिशवीच काढणं.

"तो वाईट उपाय नाही," मॅडम म्हणाल्या. "कुणाकुणाला तोच लागतो. पण तो शेवटचा आहे, कारण त्यानंतर विचार बदलता येत नाही."

मी कॉइल बसवून घेतली. घरी येऊन सांगितलं, मी जोडीतून माझं नाव काढलं.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सुनीताचा फोन आला. तो मला जास्त लागला. "वहिनी, तुम्ही नाही म्हणलात तर माझं बी राहतंय आता. एकटीसाठी कोण थांबणार दवाखान्यात, असं म्हणतात घरचे. मला तर लघवीला बसलं तरी मोकळं होत नाही, पाठ भरून येती."

मी माझ्यापुरतं पाहिलं होतं. जोड मोडली की दुसरीचं काय होतं, हा विचार मी केला नव्हता. आता काही जणी म्हणतील, मग मुकाट्यानं काढून घ्यायची होतीस. सासूबाई तर तसं म्हणाल्याच. मलाही एक दिवस तसं वाटून गेलं. पण मग मी सुनीताला म्हटलं, तू बुलढाण्याला ये, मी स्टँडवर उभी राहते.

तिची गाठ माझ्यापेक्षा कितीतरी मोठी होती. ती किडनीकडून येणाऱ्या लघवीच्या नळीवर दाब देत होती आणि एका किडनीला सूज यायला लागली होती. मॅडमनी तिलाही तसाच कागद काढून सगळे उपाय सांगितले. शेवटी म्हणाल्या, तुमच्या बाबतीत वाट पाहण्यात शहाणपणा नाही. सुनीतानं दोन-तीन प्रश्न विचारले आणि स्वतः म्हणाली, "काढा मॅडम." तेच ऑपरेशन, तोच मे महिना. पण आता ते तिनं ठरवलेलं होतं. उशाशी बसायला मी थांबेन, असं मी तिच्या सासूला फोनवर सांगितलं. माझी सुटी शेवटी कामी आलीच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शोभाताई डबा घेऊन दवाखान्यात आल्या. शोभाताईंबद्दल सांगायला हवं. घरात सगळे त्यांना वचकून असतात. भाजीत मीठ कमी पडलं तरी त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला जातो. भर थंडीत पंखा लावतात, रात्री उठून अंगणात फेऱ्या मारतात, गुडघे धरून चिडचिड करतात. मुलं त्यांना पाठीमागे करंट काकू म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मीही त्यावर हसलेली आहे. त्यांची पिशवी तिशीतच काढलेली.

त्या आल्या तेव्हा मॅडम सुनीताला समजावत होत्या. "पिशवी काढणार, पण बीजकोश ठेवणार. म्हणजे ओव्हरी. पिशवीच्या दोन बाजूंना असतात. पाळी जाईपर्यंत अंगाला लागणारी हार्मोन्स तिथूनच येतात. आत त्या खराब दिसल्या नाहीत तर मी हात लावणार नाही."

डब्याचं झाकण लावता लावता शोभाताईंनी विचारलं, "मॅडम, मग माहे असतीन का ते बीजकोश?"

मॅडमनी विचारलं, ऑपरेशनचे कागद आहेत का. कागद नव्हते. "पिशवी खराब हाये म्हणले, काढून टाकली," शोभाताई म्हणाल्या. "मले कोणी काही सांगतलंच नाही. सासरे अन् हे गेले होते डॉक्टरसंग बोलाले." मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी या, पाहून सांगते.

सुनीता आता चांगली आहे. माझं म्हणाल तर कॉइलनं पहिले चार-पाच महिने जीव नकोसा केला. रोज थोडे थोडे डाग पडायचे. काढून टाका म्हणायला मी एकदा दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले. त्यानंतर पाळी नावापुरती राहिली. हिमोग्लोबिन वर आलं आणि कच्च्या तांदळाची ओढ आपोआप गेली. गाठी आहेत तिथेच आहेत. सासूबाई अधूनमधून विचारतात, "काय म्हणतात तुह्या गाठी? जेवल्या का?" त्यांचा राग असा उतरला. उद्या गाठी वाढल्या तर मीही पिशवी काढेन, त्याची मला आता भीती नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं, रक्त तपासून घ्यावं आणि गाठ नेमकी कुठं आहे ते विचारावं. आणि काढायचीच ठरली तर बीजकोशाचं काय करणार, हे ऑपरेशनच्या आधी विचारावं. मॅडमचे आभार मी तोंडानं मानले आहेतच, इथेही मानते.

पुढच्या तपासणीला शोभाताई माझ्यासोबत आल्या. मॅडमनी त्यांची सोनोग्राफी केली. बीजकोश कुठे दिसत नव्हते, दोन्ही बाजू पाहिल्या तरी. अंगाची आग, झोप न येणं, हाडं दुखणं, चिडचिड होणं, हे सगळं इतक्या लहान वयात ते काढल्यावर होऊ शकतं, असं मॅडमनी सावकाश सांगितलं. हाडांची तपासणी लिहून दिली, कॅल्शियम दिलं, आणखी काय करता येईल ते रिपोर्ट आल्यावर ठरवू म्हणाल्या. शोभाताईंनी सगळं ऐकून घेतलं. एकदाही आवाज चढवला नाही.

परतीच्या एसटीत आम्हाला शेजारी-शेजारी जागा मिळाली. माझं "नाही" निदान दोन दिवस अबोला धरण्याइतकं तरी घरात ऐकलं गेलं होतं. यांना ते म्हणायची वेळच कुणी येऊ दिली नव्हती. चिखली जवळ आली तेव्हा त्याच बोलल्या, अगदी हळू.

"वंदना, इतके वर्स मले वाटे, माहा सभावच खराब हाये."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.