चाडं माहीत नसलेले गाइड

"याला इनोव्हेशन म्हणत नाहीत बाई, जुगाड म्हणतात. पोटासाठी तुमच्याकडची माणसं करतातच असलं काहीतरी."

माझे पीएच.डी.चे गाइड भरल्या सभागृहात हे बोलले. मी सादरीकरण करत होते. पडद्यावर माझ्या आईचा फोटो होता. सगळे हसले. पुढच्या रांगेतले अवजार कंपनीचे संचालकही हसले. विभागाची परिषद त्यांच्याच जिवावर होणार होती.

माझी आई लासूर स्टेशनजवळ लोकांच्या शेतात पेरायला जायची. तिफणीवर लाकडी वाडगा असतो, त्यात मुठीनं बी सोडतात. त्याला चाडं म्हणतात. एका साली तिनं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून चाड्यात उभा बसवला. एका अंगाला बाजरी, दुसऱ्या अंगाला तूर. एकाच फेरीत दोन्ही पेरून व्हायचं. पुढं सगळ्या शिवारानं तेच उचललं. लोक 'कौसाबाईचं चाडं' म्हणायचे. मग नवनिर्मितीवर लिहायचं तर मी दुसरं काय शोधत बसू?

गाइडनी माझ्या प्रकरणात जिथंतिथं 'चाडं' खोडून 'चाड' केलं होतं. कडेला शेरा, "अनुस्वार नको. शुद्ध लिहा." जन्मभर ग्रामीण तंत्रज्ञान शिकवलं, पण चाडं माहीत नव्हतं. चाडही नव्हती.

मग केबिनमध्ये बोलावलं. संचालकांच्या कंपनीनं दोन पिकं पेरणारं यंत्र काढलं होतं. "प्रकरण त्यांच्यावर लिही. आईला ऋणनिर्देशात घे, स्थानिक माहितीदार म्हणून."

मी होकारार्थी मान हलवली. हो, हलवली. त्याची लाज अजून जात नाही.

संध्याकाळच्या गाडीनं घरी गेले. आई शेंगा फोडत होती. तिला सगळं सांगितलं.

"माहितीदार म्हंजे काय गं?"

"माहिती देणारी."

ती थांबली. "म्या कुणाची माहिती देली? ते तं म्या केलं व्हतं."

इतकी पुस्तकं वाचली, आणि हे एक वाक्य मला त्या केबिनमध्ये सुचलं नाही. राग गाइडचा आला, त्याहून जास्त माझा आला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्या विभागात यालाच ज्ञान म्हणतात. खुर्चीवरचा म्हणेल ते इनोव्हेशन, चिखलातलीनं केलं तर जुगाड. आणि मीही तेच लिहून पदवी घ्यायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात जाऊन गाइड बदलायचा अर्ज मागितला. कारकून हळूच म्हणाला, "खरा कारण लिखे तो दो साल जाते मॅडम. 'वैयक्तिक कारण' लिखो, निकलो."

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'जिनं शोध लावला, तिचं नाव प्रबंधातून काढायला सांगितलं.' सही केली. पोच घेतली.

दोन वर्षं जाऊ देत, चार जाऊ देत. प्रकरणाच्या मथळ्यात कौसाबाईचं नाव राहील, नाहीतर मला त्यांची पदवी नको.