अम्माच्या भिंतीचा तुकडा

आमच्या प्रयोगशाळेत गजरा चालत नाही. अत्तर, केसांचं तेल, नखांचा रंग, काहीच चालत नाही. नव्या प्लायवूडमधून, रंगांमधून जे घातक वायू घरात सुटतात, ते भिंतीचा गिलावा किती शोषून घेतो हे मी मोजते. त्यात माझाच वास मिसळला तर सगळ्या मेहनतीवर पाणी. त्यामुळे मी बिनवासाची होऊन एका खोलीत, स्टीलच्या हवाबंद पेटीसमोर बसते. दिवसभर बोलायला कुणी नसतं, आणि संध्याकाळी घरीही नसतं. सवय झाली म्हणते लोकांना, झालेली नाही.

काम तसं सोपं. गिलाव्याचा तुकडा पेटीत ठेवायचा, एका नळीतून दूषित हवा आत सोडायची, दुसरीतून बाहेर येणारी मोजायची. जेवढी घट, तेवढं गिलाव्यानं प्यायलं. भिंती प्यायलेलं परतही देतात. म्हणून आधी तुकड्यावरून स्वच्छ हवा सोडून तो पुरता रिकामा करून घ्यावा लागतो.

मला जुना माती-चुन्याचा गिलावा हवा होता. त्याच सुमारास भावानं स्लॅब टाकायला आमच्या जुन्या घराची पुढची खोली पाडली. त्या खोलीत अम्मा, आमची आई, जन्मभर विड्या वळत बसली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. हात चालू, तोंडानं तेलुगूत आम्हा भावंडांचा उद्धार चालू. ती गेली त्याला वर्षही झालं नव्हतं. मी पोचले तोवर भावानं सगळा मलबा ट्रॅक्टरनं पाठवून दिला होता. उंबऱ्यापाशी हाताएवढा एक तुकडा उरला होता, तो मी रुमालात बांधून आणला.

आणल्यावर नियमाप्रमाणे नाक लावून पाहिलं. कसलाच वास नाही. ‘वास नाही’ अशी नोंद करून मी तो प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना दाखवायला नेला. सर मूळचे मंगळवेढ्याकडचे, मन मोकळं असलं की गावची बोली बोलतात. त्यांनी तुकडा नाकाशी धरला आणि म्हणाले, “अगं, तंबाखूचा वास हाय की ह्याला. लई.”

मी वाद घातला. तुमच्याच नाकाला भास होतोय, इथवर बोलले. मग तुकडा पेटीत ठेवला. आत नुसती स्वच्छ हवा जात होती, तरी बाहेरच्या हवेचा आकडा चढत गेला. तेव्हा कुठे उजेड पडला. मी जन्मले तीच त्या वासात. तो मला कधी आलाच नव्हता, येणारही नव्हता.

माझा चेहरा पाहून सर म्हणाले, “हा राहू दे तुझ्याकडं. आपण दुसरा बघू.”

मला रागच आला. अम्माचा, भावाचा, स्वतःच्या नाकाचा. सगळ्या जगाला येतो आणि मला तेवढा येत नाही, असला वास जपून मी काय करू? राहू द्या पेटीतच, असं त्यांना सांगितलं. काही दिवस स्वच्छ हवा चालू राहिली. आकडा रोज थोडा उतरायचा. मी समोर बसून जेवढ्यास तेवढं काम करायचे.

एका दुपारी आकडा रिकाम्या पेटीइतका खाली आला. पेटी उघडून मी तुकडा बाहेर काढला आणि सवयीनं नाकाशी नेला.

मातीचा वास आला. कोरडा, चुनकट, अगदी स्पष्ट. आमच्या घराच्या भिंतीचा वास मला आयुष्यात पहिल्यांदाच आला, आणि तो वास कुणातरी परक्याच्या घराचा होता. मी पुन्हापुन्हा नाक लावून पाहत राहिले. अम्मा त्यात कुठेच नव्हती.