रामघाटावरची शोधाशोध

तीच चार माणसं रोज एका खोलीत बसायला लागली, की किस्से साठत जातात. कुणी मुद्दाम साठवत नाही. आमचे साठले बनारसला, रामघाटाच्या गल्लीत, गजाननच्या सायबर कॅफेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बँकेनं माझी बदली कोल्हापूरहून थेट बनारसला केली. ओळखीचं कुणी नाही. बँक सुटली की खोलीवर जायचं आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचं. एका संध्याकाळी गल्लीतून जाताना आवाज आला, "अरे चल ना बाबा, का सताऊन राहिला?" मराठी ऐकून पाय थांबले. आत एक माणूस कॉम्प्युटरची समजूत काढत होता.

"या ताई, बसून घ्या. लाइन आत्ता येऊन राहिली."

लाइन यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात दोन चहा झाले. दुसऱ्या दिवसापासून मी रोज जायला लागले.

*

गजाननच्या घराण्याला काशीत येऊन किती पिढ्या झाल्या, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. लोक टपालतिकिटं जमवतात, हा सर्च इंजिनं जमवायचा. बाकीचे एका इंजिनावर खूश असत. गजानन म्हणायचा, "एकाच पंड्याला विचारून काशी कळते काय?"

म्हणून मी माझ्या गावाचं नाव एकापाठोपाठ एक सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी एका अगदी आडबाजूच्या इंजिनानं एक पान काढून दिलं. कुणा जर्मन बाईनं आमच्या माळावरच्या गवतांची नावं लिहिली होती. नुसती लॅटिन नावं, फोटोसुद्धा नाही.

मी ते पान आठवडाभर रोज उघडत होते. गजाननने एकदा विचारलं, "ताई, काय वाचता एवढं?"

"गवत," मी म्हटलं.

*

दीक्षित गुरुजी वेदपाठशाळेत शिकवायचे. पाठशाळेतलं काम सुटलं, पत्नीही गेली, तेव्हापासून संध्याकाळी आमच्यात येऊन बसत. एक इंजिन असं होतं, की त्याला अख्खं वाक्य लिहून प्रश्न विचारायचा. गुरुजींना ही रीत पसंत पडली.

"विचार त्याला, एकट्या माणसानं संध्याकाळी काय करावं?"

मी इंग्रजीत लिहिलं. त्यानं उलट विचारलं, एकटी माणसं कोणत्या शहरात भेटायला हवी आहेत? खाली शहरांची नावं.

"काशी सांग."

काशी त्यात नव्हती. गुरुजींनी उपरणं सारखं केलं. "बरोबर आहे. इथं माणसं एकटं व्हायलाच येतात. त्याला बरंच कळतं म्हणायचं."

*

आणखी एक इंजिन होतं, ते मशीन नाही, जगभरची हौशी माणसं चालवत होती. प्रत्येक साइट वाचून योग्य त्या कप्प्यात ठेवायची, असं त्यांचं काम. तिथं कुणीतरी आमचं शहर 'मृत्यू' या कप्प्यात टाकून दिलं होतं.

गजानन दोन दिवस नीट जेवला नाही. मग त्यानं त्या लोकांना ईमेल केली, 'इथे जिवंत लोकही राहतात.' उत्तर आलं, 'मग तुम्हीच हा कप्पा सांभाळा.'

त्यानं नवा कप्पा उघडला, 'बनारस : जगणे'. त्यात घालायला एकही साइट सापडेना. मग त्यानं स्वतःच एक पान बनवलं. सकाळी कचौडी कुठं चांगली मिळते, पतंगाचा मांजा कुठला घ्यावा, संध्याकाळी कोणत्या पायरीवर वारा लागतो. महिनाभर त्या कप्प्यात तेवढं एकच पान होतं.

*

सिंधूकाकू समोरच्या घरात एकट्या राहायच्या. मुलगा अमेरिकेत. त्याचा फोन आधी दर रविवारी यायचा, मग सणावारी यायला लागला. "माझ्या श्रीधरला शोधतोस का रे?" असं त्यांनी गजाननला विचारलं, ते भाजी निवडता निवडता, सहज विचारल्यासारखं.

तीन इंजिनं हरली. चौथ्यानं त्याच्या ऑफिसचं पान काढलं. फोटो वरून खाली, एकेक रेघ उतरत आला. आधी कपाळ आलं. बराच वेळ कपाळच येत राहिलं.

काकू खुर्ची पुढं ओढून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फोनवर टक्कल ऐकू येत नाही."

त्या दिवशी गजाननने संध्याकाळभर तो कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाला दिला नाही.

*

आणि हा शेवटचा. एका इंजिनाचं एक चोरून बघायचं पान होतं. जगात या क्षणी कोण काय शोधतंय, ते तिथं दिसायचं. नाव नाही, गाव नाही, नुसते शब्द. थोड्या वेळानं ते जायचे आणि दुसरे यायचे. जुन्या मोटारींचे भाग. कुत्र्याला ताप. आम्ही चौघं बघत बसायचो, घाटावर बसून नावा बघाव्यात तसे.

एक दिवस त्यातून इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ आली, 'पुरणपोळी लाटताना फुटते काय करावे'.

गुरुजींनी ती मोठ्यानं वाचली, आणि ओळ गेली.

"कुठून विचारलं?" काकूंनी विचारलं.

"ते नाही दिसत, काकू."

"मुलगा आहे की मुलगी?"

"ते पण नाही."

काकू उठून माझ्या खुर्चीमागं आल्या. "लिही. कणीक सैल मळ. तेल लावून मुरू दे. पुरणात पाणी ठेवू नकोस."

"काकू, हे त्याच्यापर्यंत जात नाही," गजानन हळूच म्हणाला. "आपण फक्त बघू शकतो."

"तोही बघत असेल की."

मी त्याच इंजिनाच्या शोधायच्या चौकटीत लिहिलं आणि बटण दाबलं. त्याला काय सापडलं, ते आम्ही बघितलंच नाही. शेजारच्या कॉम्प्युटरवर ते चोरून बघायचं पान उघडून बसलो. कुणाची तरी विमानाची तिकिटं गेली, कुणाचं गाणं गेलं. मग आमची ओळ आली, अख्खी, कणकेपासून पाण्यापर्यंत. गुरुजींनी तीही वाचली.

ओळ गेल्यावर काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आणखी एक लिही. म्हणावं, फुटली तरी टाकू नकोस. तूप घालून खा."