पहिल्या रांगेतली मुलं

गेल्या जुलैत पिंपळनेरच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत वाचनाची पडताळणी झाली आणि शाळा केंद्रातल्या सगळ्या शाळांत शेवटची आली. तिसरीच्या सरांनी सर्वांत कच्ची मुलं पहिल्या रांगेत बसवली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी वाचायला तीच उठवली.

पडताळणीचे दिवस तुम्हीही पाहिले असतील. हुशार मुलं पुढे, कच्ची मागे, नाहीतर त्या दिवशी घरीच. सर उलटं करत. कोणी विचारलं तर म्हणत, "पुढे ऱ्हायनं तं दिखी."

त्या रांगेत माझी पुतणी होती. दुसऱ्या दिवशी वहिनी शाळेत गेल्या, सोबत मी. धाकट्या मुलाला त्यांनी आधीच इंग्रजी शाळेत घातलं होतं. आता मुलीचा दाखला हवा होता.

"सारा गावले दखाडं ना सर, मन्ही पोरले वाचता येत नही. मागे बसाडतात तं काय जातं व्हतं तुमनं?"

"मागे बसाडी असती तं मालेबी दिखती नही, अक्का," सर म्हणाले. "तिले वाचता येत नही, हाई खरं शे. दिवाळी लगून ऱ्हाऊ द्या. मंग खुशाल दाखला ली जा."

वहिनी तणतणत परतल्या, पण मुलीला राहू दिलं.

त्यानंतर दर आठवडे बाजाराला सर ती पहिली रांग घेऊन निघत. दुकानांच्या पाट्या, बियाण्यांच्या पिशव्या, जे दिसेल ते वाचायचं. लोक हसत. एकदा आम्ही स्टँडवर उभे असताना ही वरात एसटीसमोर अडली. पुतणी पाटीवरच्या 'साक्री'पाशी थांबली होती.

"सर, गाडीना टाइम व्हई गया," चालक म्हणाला.

"जोडाक्षर शे, भाऊ. थांब जरा."

चालकाने इंजिन बंद केलं. "वाच माय. तू वाचशी तवयच गाडी निंघी."

तिने वाचलं. वहिनी भाजीची पिशवी घेऊन तिथेच उभ्या होत्या.

आमच्या घरात आता पेपरात छापून आलेल्या माझ्या बातम्या पुतणी मोठ्याने वाचते, चुकांसकट. ही सरांची देणगी.

सर ऑक्टोबरअखेर निवृत्त झाले आणि धुळ्याला मुलाकडे गेले. निरोप समारंभ नको म्हणाले. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा वहिनी पुन्हा शाळेत गेल्या. पुतणीचा दाखला त्यांनी मागितला नाही. धाकट्याचं नाव इंग्रजी शाळेतून काढून इथल्या पहिलीत घालून आल्या.