समोरासमोरचे बाण

शेजारच्या क्लासवाल्या सरासोबत शेवटचा चहा मी चितेगावच्या टपरीवर पिलो. त्याचं नाव आता जिभेवर नको वाटतं. पोरांना गणित शिकवतो, अन् दर वाक्यामागं "कळलं का?" विचारायची खोड. मी चौथी शिकलेला. त्याला विचारलं, "टेम्पो हळूच होता म्हणतात, मग माझी बायको जागीच कशी गेली?"

त्यानं चहात बोट बुडवून टेबलावर दोन बाण काढले. "हा काकूंच्या रिक्षाचा, हा टेम्पोचा. दोघं एकाच दिशेनं असते तर वेग वजा झाला असता, नुसता धक्का बसला असता. टेम्पो राँग साईडनं आला, बाण समोरासमोर झाले, वेगात वेग मिळाला. दोघांचा वेग सारखा धरला तर काकूंच्या अंगावर तो दुप्पट वेगानं आला. कळलं का, काका?"

कळलं. इतकं नीट मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी हात जोडले त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मोटारसायकल काढली. क्लासला जायला पुढच्या चौकातून वळसा पडतो. "येतो, काका," म्हणाला, हॉर्न दाबला, अन् वळसा वाचवायला उलट्या बाजूनं, समोरून येणाऱ्या रिक्षांमधून गाडी घातली.