सरळ दाखवणारी दुर्बीण

लोणी भापकरच्या आबाजीला एका जागी टक लावून बघता येत नसे. डोळ्यांचा दोष नव्हता. चाळीस वर्षं मेंढरं राखल्याची ती सवय होती. कळपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवली की कुठलं मेंढरू लंगडतंय आणि कुठलं उसात घुसायच्या बेतात आहे, ते त्याला कळायचं. बायकोच्या तोंडाकडेही तो असाच बघायचा, या कानापासून त्या कानापर्यंत, आणि राग किती चढलाय ते ओळखून वेळेवर घराबाहेर पडायचा.

पुढे इंदापूरकडचे जे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवायला त्याला बोलवायचे, ते युरिया टाकू लागले. चारणीच्या माळांवर ऊस उभा राहिला. एक्क्याण्णव साली आबाजीनं कळप विकला आणि बारामतीत एसटी स्टँडसमोर मोहनरावांच्या घड्याळ-चष्म्यांच्या दुकानात काचा पुसायला लागला.

दोन वर्षांनी मोहनरावांनी मुंबईहून दुर्बिणी आणल्या. एक जात काळी, एक हिरवी. मोहनरावांना दुर्बिणीतलं एवढंच कळायचं की ती दोन्ही डोळ्यांना लावायची असते, आणि तेही खोक्यावरच्या चित्रावरून. आबाजीनं मात्र काचा पुसल्या, पायरीवर उभा राहिला आणि सवयीनं स्टँडपासून रस्त्याकडेच्या चिंचेपर्यंत दुर्बीण फिरवली.

“मालक, ह्या काळीतनं जमीन घरंगळती.”

“सकाळीच घेऊन आलास का रे?”

“न्हाय वो! हात थिर धरा, समदं बेस दिसतं. पन फिरवली की मधी फुगतं. यष्टी कलिंगडावरनं चालल्यागत वाटती. हिरवीत कडंचा खांब वाकतो जरा, पन फिरवली तरी जमीन जाग्यावर ऱ्हाती.”

मोहनरावांनी फिरवून बघितलं. त्यांना काहीच फुगलेलं दिसलं नाही. काहींना दिसतं, काहींना नाही. जे आपल्याला दिसत नाही ते नसतंच, या तत्त्वावर त्यांचं दुकान वीस वर्षं चाललं होतं.

पण गिऱ्हाइकं आबाजीला विचारू लागली, “कुठली घेऊ?” ज्या गावात त्याला कुणी किती वाजले हेही विचारत नव्हतं, तिथं त्याच्या नजरेला किंमत आली. आबाजी फेटा नीट करून उलट विचारायचा, “काय बगनार? उभं का पळतं?” उभं बघायचं तर काळी, पळतं बघायचं तर हिरवी. “आन् घ्यायच्या आदी पायरीवर या, डावी-उजवी फिरवा. गरगरलं तर घेऊ नका.” कळप गेल्यापासून एवढा आनंद त्याला कशानं झाला नव्हता.

घोटाळा असा की प्रत्येक गिऱ्हाईक दुर्बीण रोखायचं ते समोरच्या विजेच्या खांबावर. हिरवीत खांब कडेला आला की वाकायचा. झालं! मेंढक्या आपल्याला वाकडा माल खपवतोय, असं ठरवून सगळे काळी घेऊन जायचे, आणि त्यातले दोघं-तिघं चार दिवसांत डोकं धरून परत यायचे.

मोहनराव तापले. “आणखी एक दुर्बीण परत आली तर गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलायचा नाही. काचा पुसायच्या, बास.”

आणि नेमके बावड्याचे सर्जेराव आले. जत्रेतल्या बैलगाड्यांच्या शर्यतीचे हे पंच. मिशा अशा की त्यांनाच वेगळी खुर्ची द्यावी.

“तात्या, पळत्या गाड्या बगायच्या न्हवं? मग हिरवी घ्या,” आबाजी कळवळून म्हणाला.

सर्जेरावांनी खांब बघितला. “ह्यो खांब वाकतोय की रं! उद्या माझा निकाल वाकडा म्हनतील लोक. पंचाला सरळच पायजे. काळी दे.”

“फिरवून तरी बगा!”

“मला शिकिवतोस व्हय?”

मोहनराव तिथंच होते. त्यांनी काळी बांधून दिली.

शर्यतीच्या दिवशी सर्जेराव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले. गाड्या सुटल्या तशी त्यांनी दुर्बीण त्यांच्या मागं फिरवली. बैल, गाडीवान, माणसं, सगळी भुई पालथ्या कढईवरून ओघळू लागली. गाड्या निशाणापाशी पोचल्या तेव्हा पंच ट्रॉलीचं फाळकं धरून ओकत होते. दोन्ही गाडीवाल्यांनी आपलाच नंबर लावला आणि मग एकमेकांना चार रट्टे लावले.

तिसऱ्या दिवशी दुर्बीण काउंटरवर आदळली. “ह्या मेंढक्यानं गळ्यात मारली माझ्या!”

आबाजीनं मोहनरावांकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मोहनराव सावकाश म्हणाले, “आबा चुकला. त्याला काय कळतंय? सर्जेराव, तुम्हाला पळतं बघायचंय, तर हिरवी घ्या. कडेला वाकते थोडी, पण काळी फिरवली की कलिंगडावरून चालल्यासारखं होतं.”

कलिंगडसुद्धा सोडलं नाही माणसानं!

“ह्याला म्हनत्यात जानकार,” सर्जेराव म्हणाले, पायरीवर फिरवून बघून खूश झाले आणि हिरवी घेऊन गेले.

आबाजीचं तोंड त्या दिवसापासून बंद झालं.

दीड महिन्यानं इंदापूरच्या शाळेतल्या दिपालीबाई आल्या. मोहनराव फोनवर होते, म्हणून हिरवीतून खांबाकडे बघत त्यांनी आबाजीला विचारलं, “काका, उजनीच्या पाण्यावर पक्ष्यांचे थवे उडतात ना, ते मुलांना दाखवायचेत. कुठली घेऊ? ही हिरवी वाकडं दाखवते का हो?”

उडते थवे. आबाजीच्या जिभेवर सगळं आलं. मोहनरावांनी फोनवर हात ठेवून त्याच्याकडे बघितलं.

“व्हय ताई, वाकडंच दावती. काळी घ्या. सरळ हाय.”

“बाहेर जाऊन फिरवून बघू?”

“कशाला? ऊन हाय.”

बाईंनी काळी घेतली. “बरं झालं तुम्ही भेटलात. दुकानात खरं सांगणारं कोण असतं हो?”

त्या रस्ता ओलांडून गेल्या. मोहनरावांनी फोन ठेवला. ते मनापासून खूश झाले होते.

“आता कसं गिऱ्हाइकाच्या मनातलं, दुकानातल्या माणसासारखं बोललास! उद्यापासून गिऱ्हाईक तूच बघत जा.”